देव कोणता ते मागून विचारा, आधी सातबारा कोणाचा ते सांगा



जिंदाबाद. जय सेवा. राम राम. जय भीम. ज्याला जो नमस्कार गोड लागतो त्यानं तो घ्यावा. हे पान ज्याच्या हाती पडंल त्यानं ते पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच ते आधी लिहिलं आहे.

हदगाव तालुक्यातल्या आमच्या एका गावात या पावसाळ्याआधी जे घडलं, ते सांगून सुरुवात करतो. गावाचं नाव मुद्दाम छापत नाही. भांडण अजून मिटायचं आहे, आणि नाव छापलं की ते मिटत नाही.

त्या गावानं सामूहिक वनहक्काचा दावा तयार केला होता. दोन वर्षं लागली. म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, नकाशा काढला, नाले, पाणवठे, मोहाची झाडं, गुरांच्या वाटा, देवाची जागा, मसणवटी, सगळं नकाशावर चढवलं. फक्त ग्रामसभेचा ठराव राहिला होता. तेवढ्यात गावातली एक म्हातारी वारली. तिची दोन्ही लेकरं तीन वर्षांपासून दर रविवारी प्रार्थनेला जातात. मसणवटीत खड्डा खांदायला माणसं गेली, तर गावातलेच काही जण आडवे आले. म्हणाले, "यांनी देव सोडला, देवाचा निवद सोडला, आता आपल्या मसणवटीत जागा नाही." आठ दिवस आधी बाहेरून एक गाडी येऊन हेच शिकवून गेली होती. शेवटी लेकरांनी मायला रात्रीच्या अंधारात आपल्या वावराच्या बांधावर माती दिली. त्या वावराचाही पट्टा अजून मिळालेला नाही.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा भरली. वनहक्क कायद्याच्या नियमाप्रमाणं निम्मे सभासद हजर पाहिजेत. प्रार्थनेला जाणारी घरं आली नाहीत. त्यांच्या सोयऱ्यांची घरं आली नाहीत. थोडीच माणसं कमी पडली, पण कमी पडली. ठराव झाला नाही. फाईल कपाटात गेली.

त्या दिवशी कोणाचा देव जिंकला? आम्हाला तरी माहीत नाही. हरलं कोण, ते माहीत आहे.

लोक गावोगाव विचारून राहिले आहेत की हे बाहेरचे लोक आपल्या दारात येतात कामून? एक गाडी म्हणते आमच्या देवाकडं या, दुसरी म्हणते परत या. आपण कोणाच्या दारात जाऊन म्हणतो का, की चला, आमच्या पेनाला पुजा? मग यांना एवढी घाई कशाची? या प्रश्नाचं उत्तर शिवी देऊन होत नाही. नीट विचार करून द्यावं लागतं.

येणारा सगळाच लबाड नसतो

आधी खरं ते कबूल करू. धर्म सांगायला येणाऱ्यांत मनापासून विश्वास असणारी माणसं असतात. त्यांची समजूत अशी, की सगळं जग चुकीच्या वाटेनं चाललं आहे, खरी वाट एकच आहे आणि ती आपल्याला सापडली आहे. ज्याला उन्हाळ्यात झरा सापडला तो गप बसंल का? तो हाका मारतच येणार. ख्रिस्ती लोकांत अशी श्रद्धा आहे की येशूनं आपल्या शिष्यांना सगळ्या राष्ट्रांत जाऊन शिष्य करायला सांगितलं. मुसलमानांत दावत देणं, म्हणजे बोलावणं, हे पुण्याचं काम मानतात. भगवान बुद्धांनीही आपले भिक्खू गावोगाव धाडले होते. आर्य समाजानं शुद्धीची चळवळ चालवली. तेव्हा हे एकाच धर्माचं खूळ आहे असं म्हणता येत नाही.

पण सगळेच धर्म असं करत नाहीत हेही लक्षात घ्या. पारशी कोणाला पारशी व्हा म्हणत नाहीत. ज्यू लोक सहसा कोणाच्या मागं लागत नाहीत. आणि आपण? गोंडांचा पेन हा कुळाचा असतो. सात देवाचा, सहा देवाचा, पाच देवाचा, चार देवाचा, असं आपण सोयरिकीच्या आधी विचारतो. प्रधानाची किंगरी वाजते ती त्या कुळाची कहाणी सांगायला. कोलामांचा देव गावाशी बांधलेला, आंधांचा देव शिवाराशी. कोणी भाषण ऐकून गोंड होत नाही आणि कोणी अर्ज करून कोलाम होत नाही. आपला देव माणसं गोळा करत फिरत नाही, कारण तो जिथं आहे तिथं जमिनीत रोवलेला आहे. म्हणून ही हाकाटी आपल्याला नवी वाटते, आणि तिच्यापुढं काय बोलावं ते सुचत नाही.

मनापासून येणाऱ्याच्या मनातही दुसरी एक गोष्ट असते. माणूस एकटा असला की त्याची श्रद्धा डगमगते. दहा जण सोबत आले की त्याला वाटतं, आपलं खरंच असलं पाहिजे. दुसऱ्याला पटवता पटवता माणूस स्वतःला पटवत असतो. भजनी मंडळात हे होतं, प्रार्थनेत होतं, पक्षाच्या प्रचारात होतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या संघटनेतही होतं. यात पाप नाही. पाप सुरू होतं ते माणसाची मुंडी मोजायला लागल्यावर.

मुंडी मोजणारे

आपला हदगाव तालुका निजामाच्या राज्यात होता. किनवट तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. त्या राज्यात १९२० नंतरच्या काळात काय चाललं होतं ते आपल्या आजोबांनी पाहिलं. नवाब बहादूर यार जंग यांनी तबलिगची मोहीम उघडली, खेड्यापाड्यांतल्या गोरगरीब अस्पृश्य जातींना मुसलमान करायची. तिकडून आर्य समाजानं शुद्धीची मोहीम चालवली, झालेल्यांना परत आणायची. पुढं बहादूर यार जंग मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे पुढारी झाले, आणि आर्य समाजानं १९३८-३९ साली निजामाविरुद्ध मोठा सत्याग्रह केला. दोन्हीकडं श्रद्धेची माणसं होती. पण दोन्हीकडच्या पुढाऱ्यांपुढं हिशोब दुसरा होता. राज्यात आपली मुंडी किती, म्हणजे आपल्याला जागा किती, नोकऱ्या किती, वजन किती. आजवर ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता तो माणूस एकदम मोलाचा झाला. त्याच्यासाठी नाही, त्याच्या आकड्यासाठी.

आणि त्याच काळात, त्याच राज्यात, आदिलाबादच्या डोंगरात कुमराम भीमू काय मागत होता? त्यानं निजामाला धर्म विचारला नाही. जंगल कापून काढलेल्या जमिनीचे पट्टे द्या, जंगलखात्याचा जुलूम बंद करा, एवढंच तो म्हणत होता. १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांनी त्याला गोळ्या घालून मारलं. मुंडी मोजणाऱ्यांच्या वहीत भीमूचं नाव कोणत्या रकान्यात होतं? कोणत्याच नाही. तो कोणाच्या कामाचा नव्हता, म्हणूनच तो आपल्या कामाचा आहे.

गोव्याच्या गावड्यांनी दोनदा धर्म बदलला, जमीन कोणाला मिळाली?

आता जरा लांबची पण आपल्यासारख्याच माणसांची गोष्ट ऐका. गोव्यात गावडे, कुणबी आणि वेळीप हे तिथले जुने रहिवासी. डोंगर फोडून, खाजण बांधून शेती करणारे. १५१० साली पोर्तुगीज आले. पुढं देवळं पाडायला लागले. १५४१ साली तिसवाडीतल्या पाडलेल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडं वळवलं. नीट ऐका. आधी देव गेला, त्याच्या मागोमाग देवाची जमीन गेली. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी विरोध केला. त्यांच्या हातून पाच पाद्री मारले गेले. मग सरकारनं गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथं कापून काढलं. गावाच्या जमिनी जप्त झाल्या. धर्माच्या नावानं सुरू झालेलं भांडण शेवटी कोणत्या कागदावर संपलं? जमिनीच्या.

तेव्हा बरेच गावडे ख्रिस्ती झाले. कोणी भीतीनं, कोणी नाइलाजानं, कोणी मनानं. तीनशे वर्षं गेली. १९२८ साली सातारा जिल्ह्यातल्या मसूरच्या आश्रमाचे विनायक महाराज मसूरकर गोव्यात गेले आणि हजारो ख्रिस्ती गावड्यांची शुद्धी करून त्यांना हिंदू करून घेतलं. त्यांना नाव पडलं नवहिंदू गावडे. आता तरी त्यांचं घर भरलं असंल? तसं झालं नाही. जुने हिंदू गावडे त्यांच्याशी सोयरीक करायला मागंपुढं पाहायचे, आणि ख्रिस्ती राहिलेले गावडे तर तुटलेच. एका जमातीचे तीन तुकडे झाले. ख्रिस्ती गावडे, हिंदू गावडे, नवहिंदू गावडे.

आणि जमीन? ती भाटकाराकडंच राहिली. गोव्यात भाटकार म्हणजे जमीनमालक, आणि त्याच्या जमिनीत झोपडी घालून राहणारा, त्याची राखण करणारा, बोलावलं की कामाला जाणारा तो मुंडकार. भाटकार ख्रिस्तीही होते, हिंदूही होते. मुंडकाराला उठवताना कोणी धर्म पाहिला नाही. मुंडकाराला घरातून काढता येणार नाही असा कायदा व्हायला १९७५ साल उजाडलं. तो कायदा ना पाद्र्याच्या पाण्यानं आला, ना महाराजांच्या होमानं. राबणाऱ्यांनी हक्क मागितला, तेव्हा आला. आणि २००३ साली जेव्हा गावडा, कुणबी आणि वेळीप यांची नावं अनुसूचित जमातींच्या यादीत गेली, तेव्हा यादीनं कोणत्याही गावड्याला विचारलं नाही की बाबा, तू चर्चात जातोस की देवळात.

ही गोष्ट आम्ही एवढी लांबवली, कारण तिच्यात आपलं पुढचं भविष्य दिसतं. दोनदा धर्म बदलून ज्याची जमीन एक गुंठा वाढली नाही, पण जमात तीन जागी फाटली.

जाणारा का जातो?

बोलावणाऱ्याचं झालं. आता जाणाऱ्याचं बोलू, कारण तो आपला आहे.

आधी एक फरक करायला शिका. धर्म बदलणं वेगळं आणि धर्म बदलवणं वेगळं. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला सांगितलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. मग घाई केली नाही. एकवीस वर्षं वाचलं, पारखलं, वेगवेगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांची बोलावणी आली ती तपासली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध झाले. त्यांना कोणी उचलून नेलं नाही. ते चालत गेले. आपल्या मराठवाड्यातल्या बौद्ध भावांना विचारा, त्या एका पावलानं त्यांची मान किती वर गेली. अशा धर्मांतराला आम्ही नमस्कारच करतो. तिथं माणसाचा आकडा होत नाही, आकड्याचा माणूस होतो.

झारखंडकडंही पाहा. तिकडं सव्वाशे वर्षांच्याही आधी जमीनदारांनी मुंडांच्या, उरावांच्या जमिनी गिळायला सुरुवात केली होती. लिव्हन्स नावाचा पाद्री कोर्टातल्या भांडणांत त्यांच्या बाजूनं उभा राहिला, आणि हजारो लोक ख्रिस्ती झाले. ते देव शोधत गेले का? ते आधी वकील शोधत गेले होते. बिरसा मुंडा लहानपणी मिशनच्या शाळेत होता, ख्रिस्तीही झाला होता. पुढं त्यानं मिशन सोडलं आणि १८९९-१९०० साली उलगुलान केलं. त्यानंतर इंग्रजांना १९०८ साली छोटा नागपूरचा कुळकायदा करावा लागला. तेव्हा जाणाऱ्याला मूर्ख समजू नका. तो काहीतरी शोधायला गेलेला असतो.

आपल्या गावातला माणूस काय शोधायला गेला? आम्ही त्या म्हातारीच्या लेकरांना जाऊन विचारलं. थोरल्यानं सांगितलं, "बायकोला तीन वर्षं ताप येऊन राह्यला होता. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर जागेवर नाही. भगताकडं गेलो तर त्यानं बकरं घेतलं, कोंबडं घेतलं, आन् वर भावकीतल्या एका बाईचं नाव घेतलं, की हिनंच केलं. त्या बाईला मी मारायला निघालो होतो. मग त्या लोकांनी येऊन हात धरला, बायकोला नांदेडला नेलं, गोळ्या दिल्या. दारू सुटली. आता तुम्हीच सांगा, मी कोणाचं ऐकू?"

याला आपल्याकडं काय उत्तर आहे? संघटनेचे आम्ही लोक त्या तीन वर्षांत त्याच्या घरी किती वेळा गेलो? मोर्चाला ट्रॅक्टर भरायचा होता तेव्हा गेलो. त्याची बायको तापानं फणफणत होती तेव्हा नाही गेलो. ही आमची चूक आहे आणि ती आम्ही या पानावर छापतो. भगतानं एका गरीब बाईला करणी करणारी ठरवावं आणि गावानं मुकाट्यानं ऐकावं, हा आपला धर्म असंल तर तो राखायचा कशाला? आपली रीत राखायची तर तिच्यातली ही घाण आपणच काढली पाहिजे. नाही काढली तर जाणारा जाईल, आणि आपल्याला त्याला अडवायचं तोंड राहणार नाही.

पण त्या प्रार्थनावाल्या भावांनाही सांगायचं आहे. तुम्ही गोळ्या दिल्या, दारू सोडवली, तुमचे उपकार आहेत. मग लगेच अखाडीला जाऊ नको, पेनाला हात जोडू नको, वारल्या माणसाच्या जेवणाला जाऊ नको, असं का शिकवता? माणसाला बरं करण्यासाठी त्याला त्याच्या भावकीतून तोडावं लागतं का? दुष्काळात धान्य देऊन धर्म वाढवल्याच्या गोष्टी आपल्या महाराष्ट्रात पूर्वीच्या अहमदनगरकडं अजून सांगतात. उपकाराची किंमत म्हणून श्रद्धा मागितली, की तो उपकार राहत नाही, ती सावकारी होते. सावकार कसा असतो ते आम्हाला शिकवू नका.

"परत या" म्हणणारे

आता दुसऱ्या गाडीकडं वळू. हे म्हणतात, आम्ही धर्म बदलवत नाही, आम्ही फक्त घरी परत बोलावतो. आमचा साधा प्रश्न आहे. ज्या घरी बोलावता त्या घरात आम्ही कधी होतो? त्या घराच्या ओट्यावर आमच्या आज्याला बसू दिलं होतं का?

कायद्याचंच घ्या. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा या दोन्हींत लिहिलं आहे की केंद्र सरकारनं वेगळं जाहीर केल्याशिवाय हे कायदे अनुसूचित जमातींना लागू नाहीत. म्हणजे लग्न आणि वारसा आपल्या रीतीनं चालतो हे सरकारनंच मानलं. इंग्रजांच्या जनगणनेत आदिवासींच्या धर्माचा रकाना वेगळा होता, नावं बदलत गेली. १९५१ पासून तो रकाना गेला. २०११ ला झारखंड आणि आसपासच्या सुमारे ४९ लाख लोकांनी "इतर" मध्ये सरना असं लिहवलं आणि दहा लाखांवर लोकांनी गोंडी. म्हणजे विचारलं तर लोक सांगतात. विचारायचंच नाही आणि आपल्या मनानं लिहून टाकायचं, याला परत येणं म्हणत नाहीत.

आम्हाला आदिवासी न म्हणता वनवासी म्हणतात, तेही उगीच नाही. आदिवासी म्हणजे आधीपासून राहणारा, त्याचा जमिनीवर पहिला हक्क. वनवासी म्हणजे वनात राहणारा. वनात राहणाऱ्याला उद्या वनाबाहेर काढता येतं.

आपल्यातल्या कित्येकांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, कित्येक जण पंढरीला जातात, माहूरला रेणुकामायला जातात. आमच्या संघटनेतही आहेत. त्यांना कोणी बोट लावायचं नाही. ते आपल्या पायांनी गेले. माळ घालणारा वारकरी आणि मुंडी मोजणारा प्रचारक यांत तोच फरक आहे, जो वर सांगितला.

यादीतून काढा म्हणणाऱ्यांचा डाव

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. गेल्या काही वर्षांपासून मेळावे घेऊन सांगतात की जे आदिवासी ख्रिस्ती किंवा मुसलमान झाले त्यांची नावं अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा. डीलिस्टिंग म्हणतात त्याला. आपल्यातल्या काही पोरांना हे पटतं. ते म्हणतात, "हे लोक दोन्हीकडून फायदा घेतात, नोकऱ्या आमच्या जातात." हा सवाल खोटा म्हणून टाकता येत नाही. त्याचं उत्तर देऊ.

पहिलं. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. तिच्यात आधी फक्त हिंदू होते, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. पण अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट पहिल्यापासून नाही. कारण जमात ही देवावरून ठरलेली नाही. आपली वेगळी रीत, दूरचा मुलूख, मागासलेपण, यावरून ठरलेली आहे. देव बदलला म्हणून माणसाची बोली, कूळ, वावर आणि गरिबी एका रात्रीत बदलते का?

दुसरं. नोकऱ्या कोण खातंय? खोटे दाखले काढणारे. सुप्रीम कोर्टानं २०१७ साली सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी राखता येत नाही. त्या खोट्या दाखलेवाल्यांच्या दारात हे मेळावेवाले एकदा तरी गेले का? त्यांना राग फक्त त्या म्हातारीच्या लेकरांचा कामून येतो?

तिसरं, आणि हे पाठ करून ठेवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आपली जमीन राखतं. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घेता येत नाही. १९७४ च्या कायद्यानं गेलेल्या जमिनी परत मिळवायची वाट काढून दिली. हे सगळं "आदिवासी" या एका शब्दावर उभं आहे. उद्या एका घराचं नाव यादीतून कटलं, की त्या घराची जमीन बाजारात आली. वनहक्काच्या दाव्यात त्याला बिगर आदिवासी धरून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतील. कुठून आणणार तो? तो गेला की त्याच्या बांधालगतचा तू. आज ख्रिस्ती म्हणून त्याला काढतील, उद्या देव पुजत नाही म्हणून तुला काढतील. एकदा यादीला देवाची अट लागली, की देव कोणता ते तपासणारा साहेब बसवावा लागतो. त्या साहेबापुढं आपण सगळेच उभे राहू.

म्हणून आम्ही म्हणतो, देवाच्या नावानं सुरू झालेलं हे भांडण ज्या कागदावर संपणार आहे तो कागद आधी बघा.

मसणवटीचा पुरावा

शेवटी परत त्या गावात जाऊ. वनहक्क नियमांतला १३ वा नियम वाचा. पुरावा म्हणून काय चालतं त्यात जुन्या विहिरी, पवित्र जागा आणि दफनाच्या जागा दिल्या आहेत. म्हणजे आपला देव आणि आपली मेलेली माणसं हेच आपले साक्षीदार आहेत. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर हेच झालं. २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ग्रामसभांना विचारा. बाराच्या बारा ग्रामसभांनी सांगितलं की डोंगर आमच्या नियमराजाचा आहे, खाण होऊ देणार नाही. डोंगर वाचला.

आता हिशोब करा. एकजण सांगतो, देवाचा दगड सोड. दुसरा सांगतो, दगड काढ, आम्ही संगमरवरी मूर्ती बसवून सिमेंटचं देऊळ बांधून देतो, आणि देणगीदाराच्या नावाची पाटी लावतो. दोघांच्या नादानं जुनी जागा मिटली की पुरावा मिटला. आणि ज्या मसणवटीला आपण सगळ्या गावाची म्हणून नकाशावर चढवलं, तिथंच त्या म्हातारीला जागा नाकारली. तिचे सासू-सासरे तिथं आहेत. तिचा नवरा तिथं आहे. दाव्यासाठी ज्या म्हाताऱ्यांचे जबाब घेतले त्यांत तिचा पण अंगठा आहे! नाकेदारानं हे ऐकलं तर तो काय म्हणंल? "तुमचंच तुम्हाला एक नाही, जंगल काय सांभाळता?" हे बोलायची संधी आपणच त्याच्या हातात दिली.

म्हणून प्रत्येक गावानं आपल्या ग्रामसभेत हे विषय घ्यावेत, अशी आमची विनंती आहे.

एक. ग्रामसभेत गावातला प्रत्येक सज्ञान माणूस सभासद आहे. धर्मावरून कोणाला वगळायचं नाही. वनहक्क समितीतून धर्मावरून कोणाचं नाव काढायचं नाही.

दोन. मसणवटी गावाची आहे. माती कोणत्या प्रार्थनेनं द्यायची ते घरानं ठरवावं. जागा कोणी अडवायची नाही. वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण आम्ही कायद्याच्या भीतीनं सांगत नाही.

तीन. देवाच्या जुन्या जागा आहेत तशा राहतील. ग्रामसभेला विचारल्याशिवाय कोणी तिथला दगड हलवायचा नाही, आणि बाहेरच्या पैशानं बांधकाम करायचं नाही. ज्यानं पूजा सोडली त्यानंही ती जागा राखायची, कारण ती त्याच्याही पट्ट्याची साक्षीदार आहे.

चार. धर्म सांगायला येणाऱ्यानं दिवसाढवळ्या यावं, उघड बोलावं. संविधानाच्या २५ व्या कलमानं त्याला आपला धर्म सांगायचा हक्क आहे, आपल्याला ऐकायचा आणि नाही म्हणायचाही आहे. सुप्रीम कोर्टानं १९७७ साली सांगितलं की धर्म सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचा धर्म बदलवण्याचा हक्क नव्हे. आजारी माणसाच्या खाटेजवळ बसून किंवा भावाला भावाविरुद्ध पेटवून कोणी धर्म सांगू नये. दोन्ही गाड्यांना हा नियम सारखा.

पाच. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला प्रत्येक गावात चार माणसं नेमा. करणीचं नाव घेणाऱ्याला ग्रामसभेत उभं करून जाब विचारा.

सहा. जनगणनेचा माणूस दारात आला की जमातीचं नाव बरोबर लिहून घ्या, आणि धर्माच्या रकान्यात तुम्ही जे सांगाल तेच लिहिलं का ते वाचून घ्या. काय लिहायचं ते कोणत्याच गाडीनं सांगायचं नाही, आम्हीही नाही.

आणि येणाऱ्यांना एकच विनंती. भावांनो, तुम्हाला आमच्या आत्म्याची एवढी काळजी आहे, चांगलं आहे. पुढच्या खेपेला येताना पुस्तकासोबत एक अर्ज पण आणा. आमच्यासोबत तहसीलवर चला, दाव्याचं काय झालं ते विचारा, रांगेत उन्हात उभे राहा. मग संध्याकाळी पारावर बसून देवाचं बोलू. आम्ही ऐकू.

त्या गावाची ग्रामसभा पुन्हा बोलवायचं ठरलं आहे. आमचे चार कार्यकर्ते त्या दोन भावांच्या घरी गेले होते, आणि ज्यांनी मसणवटीत अडवलं त्यांच्याही घरी गेले होते. अडवणाऱ्यांतला एक जण मान खाली घालून म्हणाला, "म्हातारीनं माझ्या लेकाची नाळ कापली होती." एवढं बोलून तो गप झाला. थोरल्या भावानं सांगितलं, सभेला येतो. धाकटा अजून बोलत नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

जवळच्या गावांनी त्या सभेला आपले दोन-दोन माणसं पाठवावेत. निरोप मिळंल.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद.